जीएम धान्य आणि साधं धान्य: पोषणात फरक पडतो का, आणि पडलाच तर कुठे?

एप्रिलच्या शेवटी वहिनींबरोबर वर्षाचा गहू भरायला पंचवटीतल्या एका धान्याच्या दुकानात गेले होते. वहिनींनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा मूठभर गहू वर काढला, तळहातावर पसरला, दोन दाणे दाताखाली फोडून पाहिले आणि विचारलं, “हा जीएम तर नाही ना?” दुकानदार म्हणाला, “छे हो ताई, एकदम गावरान लोकवन आहे.” वहिनींचं समाधान झालं, पन्नास किलोचं माप झालं. मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होते, कारण त्या दोन वाक्यांत प्रश्नही चुकला होता आणि उत्तरही.

भारतात जीएम, म्हणजे जनुक बदललेला, गहू पिकवायला परवानगीच नाही, त्यामुळे तो नाशिकच्या पोत्यात येण्याचा प्रश्न नाही. आणि लोकवन गावरान नाही. गुजरातमधल्या सणोसरा इथल्या लोकभारती संस्थेत संकर करून तयार केलेला तो वाण आहे, ‘लोक-१’. आपल्या निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेले त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गहूही असेच. नावं आपल्या घाटांची आणि देवळांची, पण जन्म संशोधकांच्या वाफ्यातला. शरबती सोनोरा तर मेक्सिकोच्या लालसर दाण्याच्या गव्हावर दिल्लीत गॅमा किरण सोडून मिळवलेला. म्हणजे एका बाजूला ‘गावरान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘जीएम’ अशी वाटणी करून आपण बोलतो, तेव्हा आपल्या ताटातलं बहुतेक धान्य त्या दोन्हींच्या मधे राहून जातं.

अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी बावीस वर्षं गेली. पीठ, तेल, डाळ, बिस्किटं, पशुखाद्य असं सगळं हाताखालून गेलं. त्यामुळे “जीएम धान्यात सत्त्व कमी असतं का?” हा प्रश्न मला नात्यातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच. पंगतीत बसून त्याचं उत्तर देता येत नाही. इथे सविस्तर देते.

आधी शब्दाचा अर्थ. संकर म्हणजे दोन घरच्या गोड्या मसाल्याचे डबे एकत्र ओतायचे आणि जे मिश्रण चांगलं उतरेल ते ठेवायचं. हजारो जनुकं एकदम मिसळतात. जनुकीय बदलात, म्हणजे जीएममध्ये, तयार मसाल्यात एखादाच जिन्नस मोजून घालायचा, आणि तो कुठल्याही स्वयंपाकघरातून आणता येतो: दुसऱ्या वनस्पतीतून किंवा जिवाणूमधूनसुद्धा. पण तो जिन्नस डब्यात नेमका कुठे जाऊन पडेल यावर, निदान जुन्या पद्धतीत, पूर्ण ताबा नसतो. तो भलत्या जागी पडून शेजारच्या एखाद्या जनुकाचं काम बिघडवू शकतो. म्हणून नुसता नवा जिन्नस तपासून भागत नाही. पूर्ण दाणा तपासावा लागतो, आणि पोषणाची तुलना सुरू होते ती इथूनच.

तुलना कशाशी करायची, यातच निम्मं काम असतं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने १९९३ मध्ये एक तत्त्व मांडलं: नवं पीक त्याच्या नेहमीच्या भावंडाशी ताडून पाहा. भावंड म्हणजे तोच वाण, फक्त तो एक बदल नसलेला. दोन्ही एकाच रानात, एकाच हंगामात, एकाच पाण्यावर, एकाच खतावर वाढवायचे. असं न करता कुणी अमेरिकेतला जीएम मका आणि येवल्यातला साधा मका शेजारी ठेवून “बघा, केवढा फरक” असं म्हणालं, तर तो फरक मातीचा आहे, पावसाचा आहे की जनुकाचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. फोनवर फिरत येणारे बरेचसे तक्ते मला याच जातीचे दिसतात. त्यात कोणत्या वाणाची कोणत्या वाणाशी तुलना केली, तेच लिहिलेलं नसतं.

मग दाणे प्रयोगशाळेत येतात. आधी ओलावा, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू, राख ही मोजणी होते. राख म्हणजे साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत सगळं जळून गेल्यावर उरलेली खनिजं. कर्बोदकं बहुतेक वेळा थेट मोजत नाहीत. बाकी सगळ्याची बेरीज शंभरातून वजा करतात.

प्रथिनांची मोजणी मी हजारो वेळा केली आहे, म्हणून ती जवळून सांगते. साधारण एक ग्रॅम पीठ लांब मानेच्या काचेच्या फ्लास्कमध्ये घालायचं, वर तीव्र गंधकाम्ल आणि थोडा मोरचूद. तापवलं की पीठ आधी काळंकुट्ट होतं, फेस मानेपर्यंत चढतो. त्या वेळी फ्लास्क सोडून हलायचं नाही. तास-दोन तासांनी तो काळोख निवळतो आणि खाली स्वच्छ निळसर-हिरवं पाणी उरतं. पिठातला सगळा नायट्रोजन आता त्या पाण्यात. मग त्यात कॉस्टिक घालून अमोनिया उडवायचा, बोरिक आम्लात पकडायचा आणि थेंब मोजून किती आला ते काढायचं. नायट्रोजनच्या त्या आकड्याला मक्यासाठी ६.२५ ने आणि तांदळासाठी ५.९५ ने गुणलं की प्रथिनं. म्हणजे पाकिटावर लिहिलेली ‘प्रथिनं’ ही खरं तर नायट्रोजनवरून बांधलेली अटकळ आहे. चांगली अटकळ आहे, पण ती दाण्यात कोणतं प्रथिन आहे ते सांगत नाही.

म्हणूनच जीएम पिकाची तपासणी तिथे थांबत नाही. अमिनो आम्लं वेगवेगळी मोजतात, चरबीतली आम्लं वेगवेगळी मोजतात, जीवनसत्त्वं, लोह, जस्त, कॅल्शियम मोजतात. आणि ज्यांना पोषणरोधक म्हणतात ते घटकही मोजतात. धान्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्ताला धरून ठेवतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, म्हणून सोयाबीन शिजवल्या-भाजल्याशिवाय खात नाहीत. बटाट्यात सोलानिन, सरकीत गॉसिपॉल ही नैसर्गिक विषं. हे सगळं साध्या पिकांतही असतं. बदलामुळे ते वाढलं तर नाही ना, एवढंच पाहायचं असतं. युरोपात परवानगीचा अर्ज करायचा तर किमान आठ ठिकाणच्या शेतांत लागवड करावी लागते आणि शेजारी किमान सहा नेहमीचे वाणही लावावे लागतात.

हे सहा वाण कशाला? तर धान्याचं पोषण मुळात एका आकड्यावर बसलेलं नसतं. निफाडच्या एकाच शिवारात दोन शेतकऱ्यांनी एकच गहू पेरला, एकाने युरियाचा दुसरा हप्ता वेळेवर दिला आणि दुसऱ्याचा राहिला, तरी प्रथिनांत दीड-दोन टक्क्यांचं अंतर सहज पडतं. पाण्याच्या पाळ्या चुकल्या तर दाणा चिपाड राहतो आणि प्रथिनांचं प्रमाण उलट वाढलेलं दिसतं. आम्ही प्रयोगशाळेत असे नमुने पाहून फसायचो: वाळकुडा दाणा, पण आकडा दिमाखदार. तेव्हा जीएम आणि साध्या भावंडात फरक दिसला तर विचारायचं ते हे: नेहमीच्या वाणांत एरवीच जेवढा चढउतार असतो, त्याच्या आत हा फरक बसतो की बाहेर जातो?

आकडेशास्त्राची एक मेख इथे सांगितलीच पाहिजे, कारण बातम्यांत हमखास घोळ होतो तो तिच्यामुळे. दिंडोरीतल्या एखाद्या द्राक्षबागेत एकाच वाणाच्या, एकाच छाटणीच्या दोन ओळी घ्या आणि त्यांच्यात साठ गोष्टी ताडून पाहा. ब्रिक्स म्हणजे गोडी, मण्याची जाडी, घडाचं वजन, आंबटपणा, देठाची लांबी, पानातलं पोटॅश असं काय काय. नेहमीच्या कसोटीत आपण शंभरात पाच वेळा चुकायची मुभा घेतलेली असते. म्हणजे साठांपैकी तीनेक गोष्टींत ‘लक्षणीय फरक’ निव्वळ योगायोगाने निघणार, ओळी सख्ख्या असल्या तरी. जीएम पिकात साठ-सत्तर घटक तपासतात, तिथेही हेच होतं. मग कुणी त्यातले तीन उचलून “जीएममध्ये अमुक जीवनसत्त्व घटलं” म्हणतं. उलट बाजूही खरी आहे. दोन-चार वाफ्यांवर प्रयोग उरकला, तर खरा फरकसुद्धा गोंधळात बुडून जातो आणि कंपनी म्हणते “फरक आढळला नाही.” फरक न सापडणं वेगळं आणि दोन्ही सारखे असल्याचं दाखवणं वेगळं. आठ ठिकाणांची अट आहे ती याचसाठी.

एवढं सगळं करून हाती काय लागलं? जगात सर्वांत जास्त पिकतात ती जीएम पिकं दोन गुणांची आहेत: किडीला तोंड देणारी आणि तणनाशक सहन करणारी. या दोन्हींत पोषण बदलायचा हेतूच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी २०१६ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. अशा पिकांच्या पोषणघटकांत काही फरक दिसतात, पण ते साध्या वाणांमधल्या नैसर्गिक चढउताराच्या आत बसतात, असं त्यांना आढळलं. हे पटण्यासारखं का आहे, ते बीटी मक्यावरून सांगते. बीटी हे मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या नावाचं लघुरूप. त्याचं एक प्रथिन मक्यात तयार होतं. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते जागं होतं आणि तिथल्या ठरावीक जागी चिकटून अळीला मारतं. आपल्या जठरात आम्ल असतं आणि त्या जागाही नसतात. दाण्यात हे प्रथिन दहा लाखांत काही भाग, इतकं थोडं असतं. दाण्यातली एकूण प्रथिनं असतात शंभरात आठ-नऊ भाग. रांजणात चमचाभर पाणी ओतून रांजणाची पातळी वाढत नाही, तसं हे.

पण बीटी मक्यात एक फरक खरोखर सापडला आणि तो कुणी मुद्दाम घातला नव्हता. येवला, नांदगाव, मालेगाव भागात ज्यांनी मक्याचं कणीस सोलून पाहिलंय त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल: टोकाकडच्या दाण्यांत अळीने पाडलेला बोगदा, त्यात भुश्यासारखी विष्ठा, आणि त्या वाटेने आत शिरलेली पांढरी-गुलाबी बुरशी. फ्युसॅरियम जातीची ही बुरशी फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते. दाणा वाळवला, दळला, भाकरी भाजली तरी ते पूर्ण जात नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यातल्या मुख्य प्रकाराला ‘माणसात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं आहे. अळी कमी, तर बोगदे कमी, आणि मग बुरशीही कमी. इटलीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एकवीस वर्षांच्या शेतचाचण्यांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा जनुक बदललेल्या मक्यात फ्युमोनिसिन सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास कमी निघालं. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, तंतू मात्र सारखेच. कोंबडीखाद्य तपासताना आमचा निम्मा वेळ बुरशीच्या विषांमागे जायचा, त्यामुळे हा आकडा मला फार मोठा वाटतो. पोषणाच्या तक्त्यात काय आहे एवढंच पाहिलं, तर दाण्यात काय नाही हे नजरेतून सुटतं.

आता दुसरी जात. या पिकांत पोषण मुद्दामच बदललेलं असतं, तेव्हा ‘फरक आहे का’ असं विचारून उपयोग नाही. फरक असायलाच हवा. विचारायचं ते हे की ठरवलेलाच फरक झाला का, आणि तेवढाच झाला का.

सोनेरी तांदूळ याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. भाताच्या पानात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, पण कोंडा काढलेल्या पांढऱ्या दाण्यात जवळजवळ नसतंच. हा तोच नारिंगी पदार्थ, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं. झुरिकचे इंगो पोट्रिकस आणि फ्रायबर्गचे पीटर बेयर यांनी डॅफोडिल या फुलझाडाचं आणि एका जिवाणूचं जनुक घालून दाण्यातच ते तयार करून दाखवलं. २००० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा एका ग्रॅम तांदळात १.६ मायक्रोग्रॅम मिळालं होतं. २००५ मध्ये डॅफोडिलच्या जागी मक्याचं जनुक घातलं आणि आकडा ३७ पर्यंत गेला. फिलिपिन्समध्ये प्रत्यक्ष शेतात लावलेल्या वाणात तो यापेक्षा बराच कमी होता. त्या वाणाची भावंडाशी तुलना केली तेव्हा प्रथिनं, चरबी, तंतू, खनिजं सारखी, वेगळं ते फक्त बीटा-कॅरोटीन.

२०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने सुरक्षिततेबद्दल हरकत घेतली नाही, पण या तांदळातलं प्रमाण अमेरिकेत पोषणाचा दावा छापण्याइतकं नाही, असंही कळवलं. हे वाचून अनेकांनी “सोनेरी तांदूळ फोल ठरला” असा निष्कर्ष काढला. मला तो घाईचा वाटतो. अमेरिकन माणूस अधूनमधून वाटीभर भात खातो. बांगलादेशातलं गरीब घरचं मूल दिवसातून दोन-तीन वेळा भातच खातं. दाणा तोच, पण ताट बदललं की त्याची किंमत बदलते. फिलिपिन्सने जुलै २०२१ मध्ये लागवडीला परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती थांबवली. आपल्याकडे ९ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. भोपळा, शेवग्याचा पाला, आंबा दारात असताना डोस पाजायची वेळ यावी, हेच मला जास्त टोचतं.

असाच बदल तेलात झाला. साध्या सोयाबीन तेलात ओलेइक आम्ल साधारण पाचवा हिस्सा असतं, बदललेल्या एका जातीत ते तीन चतुर्थांशाच्या आसपास जातं. असं तेल तळताना जास्त टिकतं, म्हणून ते टिकवण्यासाठी त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करायची, आणि त्यातून ट्रान्स फॅट तयार व्हायचं, ही साखळीच तुटते. सरकीतही असंच झालं. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटाने असा कापूस तयार केला, ज्याच्या पानाखोडात गॉसिपॉल राहतं आणि किडीपासून राखण करतं, पण सरकीत ते अगदीच कमी होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत ती सरकी खाण्यायोग्य ठरली. सरकीत भरपूर प्रथिनं असतात, आणि आज ती माणसाच्या पोटात थेट जात नाहीत ती या गॉसिपॉलमुळे.

आणि एक धडा, जो मी नव्या मुलामुलींना हमखास सांगायची. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते वाढवण्यासाठी ब्राझील नट या सुक्यामेव्याचं एक प्रथिन सोयाबीनमध्ये घातलं. तक्त्यावर पोषण सुधारलं. पण ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या लोकांच्या रक्ताशी ते ताडून पाहिलं तेव्हा कळलं की ॲलर्जी करणारा घटकच सोयाबीनमध्ये आला होता. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि ते सोयाबीन बाजारात आलंच नाही. प्रथिनांचा आकडा वाढला की आपण खूश होतो. कोणतं प्रथिन, हे त्या काळ्या फेसाच्या फ्लास्कमधून कधीच कळलं नसतं.

तपासणीच्या या पद्धतीवर माझेही आक्षेप आहेत. ठरलेल्या यादीत साठ-सत्तर घटक असतात, दाण्यात हजारो. जे शोधलं नाही ते सापडणार नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये जीएम बटाट्यात यादीबाहेरची शेकडो रसायनं एकदम मोजून पाहिली. मुद्दाम केलेला बदल सोडला तर ते बटाटे नेहमीच्या वाणांच्या पल्ल्यातच बसले. असे अभ्यास प्रत्येक पिकावर, प्रत्येक बदलावर व्हायला हवेत. दुसरं, परवानगीसाठीची बरीचशी आकडेवारी बियाणं विकणारी कंपनीच देते. ती खोटी असते असं मी म्हणत नाही, पण कच्चे आकडे सर्वांना पाहता यायला हवेत, कारण तपासून पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही आणि बसूही नये.

पण हाच कडकपणा साध्या वाणांना कुणी लावत नाही, हेही तितकंच खरं. अमेरिकेत १९६७ मध्ये लेनापी नावाचा बटाटा साध्या संकरातून आला. वेफर्ससाठी उत्तम. पुढे लक्षात आलं की त्यात सोलानिन धोकादायक पातळीवर आहे, आणि १९७० मध्ये तो मागे घेतला. जनुक बाहेरून आलं की घरातून आलं, यावरून दाणा चांगला की वाईट ते ठरत नाही.

साध्या संकरातून पोषणात झालेले बदल तर आपल्या दारात आहेत आणि त्यांची कुणी फारशी चर्चाच करत नाही. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं. ते भरपूर असलेला मका सुरिंदर वसल आणि एव्हँजेलिना व्हिलेगास यांनी मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं संकर करून घडवला, आणि २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था यांनी ‘धनशक्ती’ ही बाजरी आणली. २०१२ मध्ये ती महाराष्ट्रासाठी दिली गेली. किलोला ७१ मिलिग्रॅम लोह. पुण्याच्या आघारकर संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ हा गहू १४.७ टक्के प्रथिनांचा आहे. यातलं एकही जीएम नाही, आणि पोषणातला फरक बीटी मका आणि साध्या मक्यातल्या फरकाच्या कितीतरी पट.

त्याहून मोठा फरक गिरणीत पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत कोंडा न काढलेल्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये ब१ जीवनसत्त्व ०.२७ मिलिग्रॅम आहे आणि कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात ०.०५. घोटीच्या गिरणीत इंद्रायणीचा दाणा मोत्यासारखा चमकवून घेताना आपण पाचात चार हिस्से ब१ कोंड्याबरोबर जनावरांना देऊन टाकतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरावरची नागली, म्हणजे नाचणी, घ्या: १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम. पांढऱ्या तांदळात दहाही नाही. ज्या घरांनी नागलीची भाकर सोडून रेशनचा तांदूळ धरला, त्यांच्या हाडांत जेवढा फरक पडला असेल, तेवढा कुठल्याही जीएम पिकाच्या तक्त्यात मला आजवर दिसलेला नाही.

आपल्या देशात शेतात उभं असलेलं परवानगीचं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. ऑक्टोबर २००९ मध्ये बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला परवानगी दिली. जीएम मोहरीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. बाहेरून येणाऱ्या २४ खाद्यपिकांना जीएम नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, एक टक्क्याची सूट धरून. पोषण सारखं निघालं म्हणून बियाण्याची किंमत, त्याची मालकी, शेजारच्या शेतात जाणारे पराग, बीटीची सवय झालेली बोंडअळी हे प्रश्न सुटत नाहीत. ते वेगळे आहेत आणि वेगळेच मांडले पाहिजेत. एखाद्याला बियाण्याच्या मक्तेदारीची चीड असेल तर ती त्याने उघड मांडावी, मी त्याच्या बाजूने बोलेन. त्यासाठी “त्यात सत्त्वच नसतं” हा खोटा आधार घ्यायची गरज नाही.

रिक्षात हे सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या, “मग आपल्या घरात जीएम काहीच येत नाही म्हण की.” येतं. फरसाणाच्या पुडीत सरकीचं तेल असतं, आणि आपला जवळजवळ सगळा कापूस बीटी आहे. अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीन तेलही बहुतांश जीएम दाण्याचंच. पण तेल गाळून शुद्ध केल्यावर त्यात प्रथिन आणि जनुक जवळजवळ उरत नाही, चरबी उरते, आणि ती साध्या सरकीसारखीच.

“आणि अंडी?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला आवडला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड कोंबडीखाद्यासाठी आणायला परवानगी दिली होती, तेव्हा नाशिकच्या पोल्ट्रीवाल्यांतही याची चर्चा होती. कोंबडी पेंडीतलं प्रथिन पचवून त्याची अमिनो आम्लं करते आणि त्यांतून स्वतःचं अंडं नव्याने बांधते. अशा खाद्यावरच्या कोंबड्यांच्या अंड्यांतली प्रथिनं आणि चरबी तपासणाऱ्या अभ्यासांत साध्या अंड्यांपेक्षा वेगळं काही निघालेलं नाही.

संध्याकाळी गिरणीत पाच किलोचा डबा नेला. दळणवाल्या दादांनी नेहमीप्रमाणे विचारलं, “बारीक ना, वहिनी? पोळ्या मऊ होतात.” वहिनी म्हणाल्या, “जरा जाडसरच ठेवा. आणि सुनेला सांगते, आता चाळायचं नाही.”